‘दूध पुरत नाही’ म्हणजे काय

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका उपकेंद्रात मी २२ वर्षे आरोग्यसेविका म्हणून काम केले. या काळात स्तनदा मातांच्या तोंडून सर्वाधिक वेळा ऐकलेले वाक्य कोणते, असे कोणी विचारले तर मला आठवावे लागत नाही. ‘सिस्टर, दूध पुरत नाही.’ हे वाक्य मी वहीत शेकडो वेळा लिहिले, त्यापुढे ‘समुपदेशन केले’ असा शेरा मारला आणि पुढच्या घराकडे वळले. त्या वाक्याचा अर्थ नीट कळायला मला बरीच वर्षे लागली.

ज्या दिवशी तो कळला तो दिवस नोव्हेंबरअखेरचा होता. द्राक्षबागांत विरळणी जोरात चालू होती आणि आमच्याकडच्या कोरडवाहू गावांतून सकाळी सातलाच बायकांनी भरलेल्या पिकअप गाड्या तासगाव, कवठेमहांकाळकडच्या बागांना जात होत्या. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास मी एका घरी बाळाचे वजन करायला गेले. अडीच महिन्यांचे बाळ आजीच्या मांडीवर रडत होते. तेवढ्यात त्याची आई बागेतून परतली. तिचा पदर छातीपाशी ओला होऊन पुन्हा वाळला होता, तिथे पांढरट, ताठ डाग पडला होता आणि त्या डागावर बागेतली धूळ चिकटली होती. मी विचारले तेव्हा तिने एकाच दमात दोन गोष्टी सांगितल्या. ‘अकरा वाजल्यापासनं छाती नुसती दगडावाणी झालीया, ठणका मारतोय,’ आणि लगेच पुढे, ‘पर सिस्टर, दूध पुरंना बघा ह्येला.’

ही दोन्ही वाक्ये खरी होती. दूध होते, पण अकरा वाजता ते द्राक्षाच्या मांडवाखाली उभे होते आणि बाळ तिथून कितीतरी कोस दूर घरी रडत होते.

अंगावरच्या दुधाचे गणित माठातल्या पाण्यासारखे नसते. माठ सकाळी भरून ठेवला की संध्याकाळी तेवढेच पाणी मिळते. दूध मात्र जितके निघेल तितकेच तयार होत जाते. बाळ ओढू लागले की आईच्या मेंदूकडून दोन संप्रेरके सुटतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते आणि ऑक्सिटोसिनमुळे ते वाहू लागते, ज्याला आपण पान्हा फुटणे म्हणतो. काळजी, वेदना आणि घाई यांनी हा पान्हा अडतो, ही गोष्ट जुन्या बायकांना संप्रेरकांची नावे माहीत नसतानाही ठाऊक होती. उलट स्तन तासन्‌तास भरलेलेच राहिले तर एवढ्या दुधाची गरज उरलेली नाही, असे शरीर धरून चालते आणि दूध तयार करण्याचा वेग कमी करते. रोज दहा-अकरा तासांचा असा खंड पडू लागला की काही आठवड्यांत दूध खरोखरच आटू लागते. मग सासू म्हणते, ‘हिला दूधच न्हाई,’ आणि त्या वेळी ते बोलणे कोणालाच खोटे ठरवता येत नाही. प्रोलॅक्टिन रात्री अधिक स्रवते, म्हणून रात्रीचे पाजणे टिकले तर बरेच काही सावरता येते; पण दिवसभर हात वर करून घडांतले मणी काढणाऱ्या बाईला रात्री तीन-चार वेळा उठायला सांगताना माझी जीभ अडखळते.

आम्हाला प्रशिक्षणात शिकवले होते ते सगळे बरोबरच होते. जन्मल्यापासून एका तासाच्या आत स्तनपान, पहिले सहा महिने पाण्याचा थेंबही न देता केवळ आईचे दूध, त्यानंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही स्तनपान, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला माझ्या गावातल्या प्रत्येक आशाताईला पाठ आहे. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ‘मा’ या नावाने स्तनपानाचा कार्यक्रमही सुरू केला. दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट या सप्ताहात आम्ही अंगणवाडीत तक्ते लावतो, मातांची बैठक घेतो. पण या बैठकीची जिला सर्वांत जास्त गरज असते ती माता येत नाही, कारण त्या वेळी ती कोणाच्या तरी रानात भांगलत असते. जी येते तिला बहुतेक वेळा हे सारे आधीच ठाऊक असते.

एक आकडा मला फार अस्वस्थ करतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये देशातली ७८.९ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत होत होती, २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर गेले. याच काळात जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतल्या गेलेल्या बाळांचे प्रमाण ४१.६ वरून ४१.८ टक्के झाले, म्हणजे ते जवळपास जागचे हललेच नाही. बाई दवाखान्यात पोहोचली, तिथे डॉक्टर होते, परिचारिका होत्या, तरीही निम्म्याहून अधिक बाळांना तो पहिला तास मिळाला नाही. खेड्यातल्या आजीने मधाचे बोट चाटवले म्हणून आपण तिला दोष देतो, पण हा तास काही त्या आजीने हिरावलेला नसतो.

यातला एक अनुभव माझा स्वतःचा आहे. माझा थोरला मुलगा शहरातल्या एका खासगी रुग्णालयात सिझेरियनने झाला. मी शुद्धीवर आले तेव्हा बाळ शेजारच्या खोलीत होते आणि त्याला बाटलीतून पावडरचे दूध देऊन झाले होते. मला कोणी विचारले नाही, आणि मीही विचारू शकले नाही. टाके ओढत होते, कुशीवर वळता येत नव्हते, भोवतीची माणसे भराभर आपली कामे उरकत होती. तिसऱ्या दिवशी बाळ माझ्याकडे आले तेव्हा त्याला बाटलीच्या बोंडाची सवय लागलेली होती. ते छातीशी तोंड नेई, दोनदा ओढून पाही आणि किंचाळून मान फिरवी. मी स्वतः या विषयावर इतर बायकांना सांगत फिरणारी आरोग्यसेविका. बाळाचे तोंड मोठे उघडलेले हवे, हनुवटी स्तनाला टेकलेली हवी, खालचा ओठ बाहेर वळलेला हवा, नुसते बोंड नव्हे तर भोवतीचा काळा भागही तोंडात जायला हवा, हे सगळे मला पाठ होते आणि त्यातले काहीही त्या रात्री माझ्या उपयोगी पडले नाही. उपयोगी पडली ती माझी आई. ती अंगठेबहाद्दर बाई माझ्या पाठीशी उशा लावून, बाळाचे डोके तळहातावर तोलून, रात्र रात्र बसून राहिली. नऊ दिवसांनी बाळ नीट अंगावर पिऊ लागले. त्या नऊ दिवसांत आईची पाच एकर शेती दुसरे कोणीतरी बघत होते, म्हणून ती बसू शकली. जिची आई स्वतःच रोजाने जाते, तिच्या उशाशी कोण बसणार?

चिकाविषयी मात्र बोलायलाच हवे. पहिल्या दोन-तीन दिवसांचे घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. आमच्या भागात गाय-म्हैस व्याली की तिच्या चिकाचा खरवस घरोघरी आवडीने खातात, आणि वासराला चीक पाजला नाही तर ते जगत नाही, हे लहान पोरालाही माहीत असते. असे असूनही बाईचा चीक ‘जड असतो, बाळाला बाधतो’ म्हणून पिळून टाकायला लावणाऱ्या सासवा मी सुरुवातीच्या काळात पुष्कळ पाहिल्या. आता त्या फारशा राहिलेल्या नाहीत, आणि याचे श्रेय आशाताईंना द्यायला हवे. आता अडचण निराळी आहे. चीक थोडासाच येतो, चमचा-दोन चमचे. पहिल्या दिवशी बाळाच्या इवल्याशा पोटाला तेवढाच पुरतो. पण वॉर्डात भेटायला आलेली चार माणसे बघत असतात आणि त्यांतले कोणीतरी म्हणते की याला काहीच मिळत नाही, पावडर तरी आणा. अर्भकांच्या दुधाच्या पावडरी, बाटल्या आणि खाद्यपदार्थ यांच्या जाहिरातींवर, फुकट नमुन्यांवर आणि भेटींवर बंदी घालणारा कायदा १९९२ पासून आपल्याकडे आहे आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. जाहिरातींना त्याने पुष्कळच आळा बसला. पण शेजारणीच्या तोंडून होणाऱ्या शिफारशीला कोणताही कायदा थांबवू शकत नाही. पावडरवर पूर्णपणे वाढणाऱ्या दोन-तीन महिन्यांच्या बाळाला चारशे ग्रॅमचा डबा जेमतेम चार दिवस जातो. मजुरीच्या घरात तो आठ दिवस पुरवला जातो, आणि तो कसा पुरवला जातो हे मी पाहिले आहे: तीन मापांच्या जागी दीड माप, बाकी पाणी. असे बाळ पोटभर पिते, शांत झोपते आणि त्याचे वजन मात्र वाढत नाही.

सासवांविषयी आरोग्य खात्यातली माणसे बोलतात ते मला आताशा पटत नाही. अज्ञान, अंधश्रद्धा, जुनी वळणे असे शब्द आम्ही सहज वापरतो. हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपा, तेल लावून दिलेले गरम पाणी, सव्वा महिन्याची विश्रांती, यांतले बरेचसे बाळंतिणीच्या भल्याचेच आहे. काही गोष्टींना मी ठाम विरोध करते. बाळंतिणीला पाणी कमी देणे मला मान्य नाही. गुटी उगाळून देण्याला माझी हरकत असते, कारण सहाणेवरून आणि बोटावरून काय पोटात जाईल ते सांगता येत नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर मुळीच देऊ नये, त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. पण दुपारी दोन वाजता बाळ कळवळून रडत असते, आई बागेत असते आणि घरात त्या म्हातारीशिवाय कोणी नसते, तेव्हा तिने काय करावे, हे आमच्या एकाही तक्त्यावर लिहिलेले नसते. ती शेजारून गाईचे पावशेर दूध आणते, त्यात निम्मे पाणी घालते आणि पाजते. तिच्या काळी ते बोंडल्याने पाजत. बोंडले उघडे भांडे असल्याने घासता तरी येत असे. आता तिच्या हातात प्लॅस्टिकची बाटली आहे, जिच्या बोंडात साचलेली साय काढायला ना ब्रश आहे ना उकळते पाणी.

घरभेटींचे वेळापत्रक पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या बाईकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात. नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभी केली आणि पुढे ती देशभर गेली. तिने किती बाळे वाचवली असतील याची मला कल्पना आहे. पण ४२ वा दिवस म्हणजे आमच्याकडचा सव्वा महिना उलटून गेलेला असतो. विटाळ फिटला, ओटी भरली, की ज्या घरात हातावर पोट आहे तिथे बाई कामावर निघते. त्यानंतरची भेट थेट तिसऱ्या महिन्यात असते. बाटली घरात येते ती नेमकी या मधल्या दिवसांत, आणि म्हणून अलीकडे मी आमच्या आशाताईंना पन्नासाव्या दिवसाच्या आसपास एक भेट आपणहून द्यायला सांगते. त्याचे मानधन मिळत नाही, तरी त्या जातात.

द्राक्षाच्या पट्ट्यातून पश्चिमेला वाळवा, कराडकडे गेले की चित्र बदलते. पल्स पोलिओच्या निमित्ताने मी काही हंगाम ऊसतोड टोळ्यांच्या वस्त्यांवर गेले आहे. जगणे तिथे कितीतरी अधिक कठीण आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर असते, एक दिवस खाडा झाला तर त्याचे पैसे कापले जातात, आणि पहाटे चारला बाई फडात उभी असते. मला वाटे, या बायकांचे स्तनपान सर्वांत आधी सुटत असेल. तसे दिसले नाही. एका फडाच्या कडेला ट्रॉलीच्या खाली साडीची झोळी बांधली होती. आतले बाळ रडले तशी त्याच्या आईने डोक्यावरची मोळी खाली टाकली, हाताला लागलेली उसाची कुसळे पदराने झाडली, वाढ्यांच्या ढिगाला टेकून ती बसली आणि पाच-सात मिनिटे तिने बाळाला अंगावर घेतले. नवरा तेवढा वेळ एकटाच तोडत राहिला. तिला स्तनपानाचे कोणी काही शिकवले नव्हते, पण बाळ हाकेच्या अंतरावर होते आणि मोजमाप टनावर असल्यामुळे पाच मिनिटे बसायला कोणाची परवानगी लागत नव्हती. त्या बाळाला थंडी, धूळ, धूर सगळे सोसावे लागत होते आणि आईला पोटभर जेवायलाही सवड नव्हती. या जगण्याचे कौतुक करावे असे त्यात काहीही नाही. पण आईपासून बाळ किती अंतरावर आहे, ही गोष्ट आईला किती माहिती आहे यापेक्षा जास्त निर्णायक ठरते, हे मी त्या फडाच्या बांधावर शिकले.

पगारी नोकरीत असलेल्या स्त्रीला हे अंतर कायद्याने काही काळ पुसून दिले आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, कामावर परतल्यावर बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला वेळ मिळतो, आणि ५० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक झाले. मलाही धाकट्या मुलीच्या वेळी रजा मिळाली. बागेत रोजाने जाणाऱ्या बाईला यातले काहीच मिळत नाही. तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला ५,००० रुपये आहेत. रोज ३०० रुपये मजुरी धरली तर ती सतरा दिवसांची मजुरी होते, आणि पाजायचे असते १८० दिवस.

याच जिल्ह्याने एकेकाळी देशाला वाट दाखवली होती, म्हणून हे अधिक लागते. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ मध्ये विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीचा पहिला प्रयोग केला, १९७७ मध्ये त्याचा राज्याचा कायदा झाला आणि पुढे देशाच्या कायद्यानेही तोच विचार स्वीकारला. कामाच्या ठिकाणी मजूर स्त्रियांची सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांच्यापैकी एकीने मुले सांभाळावीत आणि तिला त्याची मजुरी मिळावी, अशी तरतूद देशाच्या रोजगार हमीत होती. किती साधी, किती शहाणी गोष्ट! खासगी बागेत पंचवीस बायका एका वेळी राबत असतात. तिथे हीच रीत आणायला मांडवाबाहेरची एक सावली आणि एका बाईची हजेरी एवढाच खर्च आहे.

मुलीच्या बाबतीत आणखी एक कारण असते, ते थोडक्यात लिहिते, कारण ते लिहिताना मला त्रास होतो. स्तनपान चालू असेपर्यंत दिवस लवकर राहत नाहीत, हे सर्वांना ठाऊक असते. म्हणून दुसरी मुलगी झालेल्या घरात तिला लवकर अंगावरून तोडण्याची घाई होते. कोणी तसे उघड म्हणत नाही. ‘आता वरचं खातीया की,’ एवढेच म्हणतात.

अशक्त बाईला दूध येत नाही, हाही एक पक्का समज आहे. फार कुपोषण नसेल तर किडकिडीत बाईलाही बाळापुरते दूध येते; त्याची किंमत तिचे स्वतःचे शरीर मोजते. म्हणून तिच्या ताटात एक भाकरी आणि वाटीभर डाळ जास्त पडावी असा माझा आग्रह असतो, आणि हे मी तिला न सांगता तिच्या नवऱ्याला सांगते, कारण ताट वाढले जाते तेव्हा ती सर्वांत शेवटी बसते.

त्या नोव्हेंबरातल्या घरी मी पुन्हा गेले ती दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला, सगळी माणसे घरात असताना. बाळाला पाजून झाल्यावर उरलेले दूध हाताने कसे काढायचे, ते तिला दाखवले: स्वच्छ हात, अंगठा वर, दोन बोटे खाली, आधी छातीकडे दाब आणि मग पुढे. उकळून घेतलेल्या स्टीलच्या वाटीत अर्धी वाटी दूध जमले, तेव्हा तिची सासू पुढे सरून बघू लागली. झाकण ठेवून ते माठाजवळच्या गार जागी चार तास राहते, चमच्याने पाजायचे, बाटली नको, एवढे मी म्हातारीला सांगितले. ‘आणि चार तासांनी?’ तिने विचारले. प्रश्न अचूक होता. मग नवऱ्याने फोन काढला आणि बागायतदाराशी बोलणे झाले. मी स्वतः त्यांना सांगितले की दुपारच्या जेवणाच्या सुटीत हिला वीस मिनिटे जास्त द्या, तिच्या हजेरीतून कापू नका, नाहीतर आठ दिवसांत गाठी पिकून ती तापाने पडेल आणि तुमचीच विरळणी खोळंबेल. ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, ‘आणू द्या की पोराला. पॅकिंगची शेड मोकळीच हाय.’

पुढच्या आठवड्यात मी त्या बाजूला लसीकरणाला गेले होते. साडेबाराची वेळ होती. गावातून बागांकडे फेऱ्या मारणाऱ्या वडापातून ती म्हातारी फाट्यावर उतरली, तिने छत्री उघडली आणि दुपट्यात गुंडाळलेले बाळ छातीशी धरून ती बांधावरून चालू लागली. मांडवाखालून सून बाहेर आली, ड्रमातल्या पाण्याने तिने हात दोनदा धुतले, कोपरापर्यंत चोळून चोळून, कारण औषध मारून चारच दिवस झाले होते आणि मीच तिला ते बजावले होते. शेडमध्ये उलट्या घातलेल्या क्रेटवर ती बसली. बाळ पिऊ लागले. सासू छत्री मिटून शेजारी उकिडवी बसली आणि आपल्या फडक्यातली भाकरी सोडून तिने सुनेच्या मोकळ्या हातात दिली.